राबात गेलेला कापूस

मी पदवीधर झालो तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे. तिला मी बाय म्हणतो. चौथीनंतर तिने शाळा सोडली आणि ती आईबरोबर भाताच्या लावणीला जाऊ लागली, म्हणून मी आश्रमशाळेत आणि पुढे जव्हारच्या कॉलेजात बसू शकलो. सरकारी योजनेत नोकरी लागल्यावर पहिलं काम मी तिच्याच सासरच्या पाड्यावर नेलं, मोखाड्याच्या डोंगरात.

भिवंडीच्या कपड्यांच्या कारखान्यांतून कातरणाच्या गोण्या यायच्या. त्यातल्या सुती चिंध्या निवडायच्या. त्या पिंजून गिरणी पुन्हा सूत काढते. सहा गोण्यांचा नमुना पास झाला, तर दिवाळीनंतर पाड्यावरच्या बायांना वीटभट्टीवर जावं लागणार नव्हतं. बायने दहा घरं फिरून शब्द टाकला होता, "माझा भाऊस शिकलाय, भरोसा ठेवा."

त्या भरोशाला जागायचं म्हणून मी समाजमंदिरात भाषण केलं. तंतू, पुनर्वापर, पर्यावरण, काही सोडलं नाही. मग चिमट्यात चिंध्या धरून पेटवून दाखवल्या. "सुती कापडाची मऊ राख होते, तो चांगला माल. पॉलिस्टर वितळतं, त्याची टणक गोळी होते." बाया गप्प बसून ऐकत होत्या. मला वाटलं, भाषण जमलं.

आठ दिवसांनी जीपने परत गेलो, तर ओट्यावर तीन गोण्या, तोंडं शिवलेल्या. उघडल्या. सगळं पॉलिस्टर.

"सुती कुठंय?"

"राबात घातला," बाय म्हणाली.

आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात, तो राब. त्या वर्षी पाला कमी पडला होता.

"बाय! तो कापूस गिरणीला द्यायचा होता!"

"तूच बोललास ना, मऊ राख होते तो चांगला?"

"राखेसाठी मी भिवंडीहून चिंध्या आणल्या?"

"सरकार कधी बियाणं देतं, कधी खत देतं. आम्ही म्हटलं, यंदा राब दिला." शेजारची म्हातारी मध्येच म्हणाली, "राख लय बेस झाली, बाबा. गोळीवाला शेतात नाय टाकला, तुझा तुला ठेवलाय."

"कापसाचं काय करायचं ते मी सांगितलं नव्हतं का?"

"तू लय बोललास," बाय म्हणाली. "ते नाय बोललास."

मी आठवून पाहिलं. खरंच नव्हतं सांगितलं. पण पदवीधराला असं कबूल करता येत नाही. मी सगळ्यांदेखत ओरडलो, "अडाणी ते अडाणीच राहणार तुम्ही!"  बायने जीपमध्ये गोण्या चढवायला हात लावला.

गिरणीच्या खरेदीवाल्या साहेबांपुढे मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यांनी गोणीत कोपरापर्यंत हात घातला आणि तळातल्या, मधल्या, वरच्या चिंध्या काढून एकेक पेटवली. सगळ्यांच्या गोळ्या झाल्या.

"कापसाचा एक धागा नाही यात. कुठलं मशीन आहे तुमच्याकडे?"

"बहीण आहे, साहेब. आणि शेजारणी. नुसत्या बोटांनी ओळखतात."

मग मी राबाची हकिगत सांगितली. साहेब खुर्ची धरून हसले. "हे उशा भरणाऱ्याला देतो. निवड पास. पुढच्या वेळी फक्त शेत सोडून माझ्याकडे पाठवा."

पाड्यावर रेंज येत नाही, म्हणून जीपवाल्याच्या हाती चिठ्ठी दिली:

"बाय, नमुना पास झाला. तुमच्या निवडीमुळे झाला, माझ्या भाषणामुळे नाही. सगळ्यांसमोर मी तुला अडाणी म्हणालो. ज्या शिक्षणाच्या जोरावर म्हणालो, ते तू दिलेलं आहे. चूक माझी होती. रविवारी येऊन सगळ्यांसमोरच माफी मागतो, तोवर म्हातारीला थांबव, फार बोलू देऊ नको. बुधवारी बारा गोण्या येतील. सुती माल गिरणीला सुतासाठी जातो, तो भरून ठेवा. दहाही घरी तूच जाऊन सांग. आणि भट्टीचा मुकादम आला, तर यंदा कुणी येत नाही म्हणून त्याला कळव. तुझा भाऊ."