कुडपणची चारची गाडी आणि स्टॅटिस्टिक्स

"मॅडम, पुण्याला स्टॅटिस्टिक्सचे आठ क्रेडिट मागतात. माझे किती आहेत?"

मी कॉम्प्युटरवर तिचं खातं उघडलं. मुख्य विषय ठीक. इंग्रजी ठीक. स्टॅटिस्टिक्ससमोर शून्य.

"एकही नाही," मी म्हणाले. "विषय घेतलाच नाहीस गं तू! फॉर्म भरताना लक्ष कुठे होतं तुझं?"

करुणाने पिशवीतून फॉर्मची झेरॉक्स काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. खाली माझी सही होती. शिक्क्यासकट.

मी महाडच्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवते. नवीन अभ्यासक्रम आला तेव्हा क्रेडिटचं काम कुणालाच नको होतं, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन. आठवड्याला जितके तास शिकायचं, साधारण तितके क्रेडिट. पास झालात की ते तुमच्या नावच्या ऑनलाइन खात्यात जमा होतात. त्यांच्या जोरावर दोन वर्षं इथे शिकून तिसऱ्या वर्षाला दुसऱ्या विद्यापीठात जाता येतं. पण तिथले लोक खातं उघडून बघतात. त्यांना हवा तो विषय नसेल तर बाकीचे कितीही असोत, दारातूनच परत.

करुणा पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणची. वडील मुंबईत एका ऑफिसात शिपाई, घरी आई आणि सहा म्हशी. आईला एकटीला टाकून मुलगी बाहेर जाणार कशी? म्हणून पहिल्याच वर्षी तिने सगळं आखून ठेवलं होतं. वडील दोन वर्षांनी रिटायर होऊन गावी येणार. तोवर ती बी.कॉम.ची दोन वर्षं महाडला करणार, मग तिसऱ्या वर्षाला पुण्याच्या एका विद्यापीठात बिझनेस अॅनालिटिक्सला जाणार. आमच्याकडे तो विषय नाही. तिकडे बाहेरच्या मुलांना मोजक्याच जागा, आणि त्या फक्त तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला. ही संधी हुकली की संपलं.

मलाही तिने हे सांगितलं होतं. मी "वा, छान!" म्हटलं होतं आणि सही ठोकली होती. पुण्याच्या विद्यापीठाला काय लागतं ते आधी बघायचं आणि तिथून मागे येत विषय निवडायचे, एवढंच माझं काम होतं. तेवढंच मी केलं नाही.

पण चूक कबूल करायची तर जीभ जड होते. मी उलट तिलाच विचारलं, "गणिताची भीती वाटली का तुला?"

"भीती कसली, मॅडम? गणित आवडतं मला."

"मग स्टॅटिस्टिक्स सोडून टुरिझम का घेतलंस?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. एवढं साधं या बाईंना कळत नाही, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"स्टॅट साडेतीनला असतं. कुडपणची गाडी पोलादपूरहून चारला सुटते. ती चुकली की मग गाडीच नाय. टुरिझम एकला असतं."

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगायचं काय त्यात? आम्ही सगळे गाडी बघूनच विषय घेतो."

आम्ही सगळे म्हणजे कोण? ती गेल्यावर मी कपाटातून फॉर्मचा गठ्ठा काढला. कुडपण, उमरठ आणि वरच्या वाड्यावस्त्यांची मुलं वेगळी काढली. अकरा निघाली. अकराच्या अकरा टुरिझमला. मागच्या वर्षीचे फॉर्म काढले, तिथेही तेच. डोंगरातल्या एकाही मुलाने स्टॅटिस्टिक्स घेतलेलं नव्हतं.

आमच्या स्टाफरूममध्ये एक वाक्य नेहमी ऐकू यायचं. "वरच्या पोरांना गणित झेपत नाही हो." मीही ते म्हटलंय, एकदा नाही, दहादा. चहा पिता पिता म्हटलंय. आणि टुरिझम कोण शिकवतं? मीच. माझा वर्ग कायम भरलेला असायचा. मी चांगली शिकवते म्हणून मुलं येतात, असं मी घरीदारी सांगत होते. खरं सांगते, त्या दिवशी त्या गठ्ठ्यासमोर बसून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच प्रिन्सिपल सरांकडे गेले आणि करुणाचं सगळं सांगितलं.

"टाइमटेबल बदलायचं? सेमिस्टर सुरू झाल्यावर?" सरांनी चष्मा काढला. "एका मुलीसाठी?"

"अकरा आहेत, सर." मी गठ्ठा पुढे केला.

त्यांनी चार-पाच फॉर्म चाळले. पत्ते बघितले.

"स्टॅट साडेतीनला कुणी ठेवलं?"

"कुणीच नाही, सर. पहिल्यापासून तसंच आहे."

"आणि एकच्या तासाला काय आहे?"

"माझं टुरिझम."

"मग तुमचं साडेतीनला जाईल."

"जाऊ दे," मी म्हणाले. म्हणायला सोपं गेलं नाही, पण म्हणाले.

टुरिझममध्येच राहणाऱ्या वरच्या मुलांना मी सकाळी वेगळं शिकवायचं ठरलं. अर्धं काम झालं. स्टॅटिस्टिक्सचे दोन भाग. दुसरा भाग करुणा आता चौथ्या सेमिस्टरला एकच्या तासाला करू शकत होती. चार क्रेडिट तिथे. पण पहिला भाग तिसऱ्या सेमिस्टरचा, तो मागेच होऊन गेलेला. नियमांचं पुस्तक घेऊन बसले. जादा पेपर म्हणून परीक्षेला बसता येत होतं, एटीकेटीवाल्यांबरोबर. एटीकेटी म्हणजे ज्यांचा पेपर मागे राहिलाय ती मुलं. प्रश्न एवढाच, की शिकवणार कोण?

तांबे सर आमचे स्टॅटिस्टिक्सचे. शिकवतात उत्तम, बोलतात तिरकस.

"पर्यटनातून एक प्रवासी परत आला म्हणायचा," ते म्हणाले. "बरं. साडेबाराला माझी जेवणाची सुट्टी. डबा खात खात शिकवीन. पण गणितं घरून सोडवून आणायची. एक दिवस जरी रिकामी वही दिसली, तरी मी माझा डबा सुखाने खाणार."

जादा पेपरच्या अर्जावर पालकांची सही लागत होती. आई स्वतः आली. पहाटे धारा काढून, पहिली गाडी पकडून. खुर्चीत बसेना, उभ्यानेच बोलायला लागली.

"बाय, ही जाईल ना पुन्याला? वाडीत समद्यांना सांगून बसलोय आमी."

"मी खात्री देत नाही," मी म्हटलं. "माझ्याकडूनच चूक झाली आहे. पण दोन्ही पेपर निघाले तर अडायला नको."

"आनि तुमी म्हशींचं काय ते सांगू नका हिला," ती म्हणाली. मी म्हशींबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. "हिचा बाप येतोय जूनात. त्याला म्हशीतलं काय कलत नाय. पन शिकंल तो. शिकंल नाय तर काय करंल?"

करुणा तोंडावर ओढणी घेऊन हसत होती. मीही हसले. आईने अर्जावर सावकाश, एकेक अक्षर करत सही केली, आणि मी तो अर्ज शब्दन् शब्द वाचून मगच माझी सही केली.

पुढचे महिने करुणा आणि तांबे सर रोज साडेबाराला दिसायचे. वही कधी रिकामी नव्हती. एकदा मी डोकावले तर सर डबा बंद करून फळ्याजवळ उभे होते. "ही मुलगी जेवू देत नाही," ते मला म्हणाले. आवाजात तक्रार अजिबात नव्हती.

दोन्ही पेपर निघाले. निकाल लागला, पण खात्यात क्रेडिट दिसेनात. पुण्याची मुदत संपायला चार दिवस उरले होते. मी विद्यापीठाच्या ऑफिसात इतके फोन केले की तिथला क्लार्क माझा आवाज ओळखायला लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी आकडा आला. आठ. मी स्टाफरूममध्ये ओरडलेच.

करुणाला जागा मिळाली. जूनमध्ये वडील सामान घेऊन कुडपणला चढले आणि त्याच आठवड्यात ती खाली उतरली.

यंदा तांबे सरांच्या वर्गात डोंगरातली नऊ मुलं आहेत. "वरच्या पोरांना गणित झेपत नाही" हे वाक्य मी परत ऐकलेलं नाही. माझ्या टुरिझमला आता चौघं बसतात, चौघंही महाड शहरातली. घरीदारी मी हल्ली माझ्या शिकवण्याविषयी फारसं बोलत नाही.

परवा करुणाचा फोन आला होता. म्हणाली, "मॅडम, इथे हॉस्टेल कॉलेजच्या आतच आहे. सगळ्यात उशिराचं लेक्चर सहाला असतं. मी मुद्दाम तेच घेतलं."

दोन वर्षांची आखणी कशी करायची, यावर मला आता तालुक्यातल्या कॉलेजांमधून बोलायला बोलावतात. मी क्रेडिट समजावते, तक्ता दाखवते, जिथे जायचं तिथून मागे कसं यायचं तेही सांगते. पण स्वतःच्या टेबलावर फॉर्म आला की आधी पेन खाली ठेवते आणि समोरच्याला विचारते, "तुझी गाडी कितीची?"