डावा खांदा

गल्लीतले सगळे तिला टेलरबाई म्हणत. घड्याळजीचं दुकान आणि चांभाराची टपरी यांच्यामध्ये तिचं दुकान होतं. दोन मशीन, एक जड इस्त्री, कापडाच्या चिंध्यांनी भरलेलं पिंप आणि माणसाएवढा उंच आरसा. गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करायचं आणि आपण त्याच्या पाठीशी राहायचं, ही तिची पद्धत. पाठीमागून माप चांगलं कळतं, असं ती सांगायची. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. पाठीशी राहिलं की आरशात आपण दिसत नाही.

ती अकरा वर्षांची असताना तिच्या पाठीच्या कण्याला बाक आला आणि डावा खांदा उजव्यापेक्षा सव्वा इंच खाली उतरला. आई दिवसातून दहा वेळा "सरळ उभी राहा" म्हणून ओरडायची. आत्या शिवणकाम करायची. तिने ओरडण्याऐवजी जुन्या चादरीचा तुकडा घेतला, त्यात कापूस भरला आणि पोलक्याच्या आत डाव्या खांद्याला कच्च्या टाक्यांनी बसवून दिला. "झालं, आता कोणाच्या बापाला कळणार नाही," आत्या म्हणाली. आत्याने जीव लावला तो असा. पोरीने ती विद्या जन्मभर जपली. पोलकं धुवायचं असलं की गादी उसवायची, वाळलं की परत टाचायची. असं करता करता अठ्ठेचाळीस वर्षं झाली.

दुसऱ्यांच्या बाबतीत मात्र तिचं मन आभाळाएवढं. एक हात लांब असलेला पोस्टमास्तर, पोट सुटलेले वकीलसाहेब, अपघातात पाय अधू झालेला गवंडी, सगळ्यांना ती एकच सांगायची, "तुमच्या अंगात खोट नाही हो, तयार कपडे शिवणाऱ्याला अक्कल नाही." लोक हसत आणि ताठ मानेने बाहेर पडत.

एका दुपारी वाचनालयातल्या बाई आपल्या बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. गणवेशाचा शर्ट काउंटरवर ठेवून हळू आवाजात म्हणाल्या, "हिचा एक खांदा जरा... तुम्हाला कळेलच. पोरं चिडवतात. आतून काही भरता येईल का?"

न येऊन कसं चालेल? तासाभरात टेलरबाईने अशी बेमालूम गादी बसवली की आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगी आरशात बघत राहिली. मग तिने विचारलं, "हे रोज घालायचं?"

"हो."

"मोठी झाल्यावरपण?"

"सवय होते गं," टेलरबाई म्हणाली.

बोलून गेली खरी, पण संध्याकाळपर्यंत तिची सुई दोनदा बोटात घुसली.

त्या वर्षी तिच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज पाऊण तास चाला, सिमेंटवर नको, मातीवर. म्हणून सकाळी दुकान उघडण्याआधी ती नवऱ्याबरोबर गावाबाहेरच्या जंगलात जायची. नवरा तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला. तो चालायचादेखील बस चालवल्यासारखा. चढ आला की "गिअर बदल," वळण आलं की "डावीकडे सांभाळून," आणि दमला की "इथे दहा मिनिटं थांबा आहे" असं जाहीर करून ओंडक्यावर बसायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं जंगलात चालत होती. पायाखाली पाचोळा चुरचुरत होता, कोळ्यांच्या जाळ्यांवर दव होतं. नवरा पुढे, ती मागे. डोक्यात त्या मुलीचा प्रश्न. सवय होते, हे खरंच होतं. पण कशाकशाची? लग्नाआधी तो बघायला आला तेव्हा ती भर उन्हाळ्यात शाल पांघरून बसली होती. घरच्यांनी थंडी वाजते म्हणून सांगितलं, आणि बिचाऱ्याने लग्नानंतर सहा महिने हिची प्रकृती नाजूक आहे असं समजून तिला बादली उचलू दिली नव्हती. नंतर संसारात ती कायम दिवा मालवून कपडे बदलत आली. आणि ती नाट्यगृहाची गोष्ट. ती पस्तिशीत असताना शहरातल्या मोठ्या नाट्यगृहाचे व्यवस्थापक स्वतः दुकानात आले होते. पोशाख विभाग तुम्ही सांभाळा, म्हणाले. राजे, सैनिक, भुतं, सगळ्यांचे कपडे. तिला आठ दिवस झोप आली नव्हती आनंदाने. मग ती जागा बघायला गेली. रंगभूषेच्या खोलीत चारही भिंतींना आरसे होते. "लांब पडतं हो," असं सांगून तिने नाही म्हटलं, आणि आल्या पावली घरी येऊन उशांचे अभ्रे शिवत बसली.

विचाराच्या नादात तिचं वाटेकडे लक्ष नव्हतं. काटेरी झुडपाची एक फांदी खांद्याला अडकली. तिने हिसका दिला, टरकन आवाज झाला, पोलकं बाहीपर्यंत फाटलं आणि कापसाची गादी पाचोळ्यात पडली.

नवऱ्याने वळून पाहिलं. खाली वाकला, गादी उचलली, तिला चिकटलेला मुंगळा फुंकून उडवला आणि तिच्यापुढे धरली. "हे तुझं."

"अहो, इकडे बघू नका," ती खांद्यावर हात दाबत म्हणाली.

"अडतीस वर्षं बघतोय."

ती मटकन ओंडक्यावर बसली. "कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच वर्षी. दोरीवर पोलकं वाळत होतं, आतून टाक्यांच्या खुणा. आणि मी काय आंधळा आहे? बसच्या आरशांत मागचं बघून बघून तर पोट भरलं मी."

"मग बोलला का नाहीत कधी?"

तो तिच्या शेजारी बसला. "तू इतक्या मेहनतीने लपवायचीस, म्हटलं आपण कशाला मोडता घालायचा. मला वाटायचं मी तुझा मान राखतोय. तुला काय वाटत असेल, हे डोक्यातच आलं नाही."

"मला वाटायचं, कळलं तर तुमचं मन उडेल."

"मन उडायला ते काय पाखरू आहे?" तो म्हणाला. मग आवाज खाली आणून पुढे बोलला, "एकदा मात्र बोलायला हवं होतं मी. नाट्यगृह लांब पडतं म्हणालीस तेव्हा. माझीच बस त्याच्या दारात थांबायची गं."

हे तिच्या खरोखरच कधी ध्यानात आलं नव्हतं. ती आधी रडली. मग त्या बसचं आठवून हसू फुटलं, आणि हसता हसता परत रडली. नवऱ्याने खिशातला रुमाल दिला. त्याला वंगणाचा वास होता. निवृत्त होऊनही याच्या रुमालाला वंगण कुठून लागतं, हे कोडं तिला कधी सुटलं नाही.

इतक्यात वळणावरून घड्याळजी आला, कुत्र्याला फिरवत. तिचा हात सवयीने शालीसाठी गेला. शाल नव्हती. ती तशीच उभी राहिली, एक खांदा वर, एक खाली.

घड्याळजीने चष्म्यावरून निरखून पाहिलं. "अहो, पोलकं फाटलंय तुमचं," तो म्हणाला. "टेलरकडे टाका." आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन पुढे निघून गेला. कुत्र्याने तेवढी गादी हुंगली.

ती त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली. तीस वर्षं शेजारी दुकान असलेल्या माणसाला फाटलेली शिवण दिसली, खांदा दिसला नाही. इतकी वर्षं आपण ज्या दारावर पहारा केला तिथे चोर यायचाच नव्हता, असं तिला वाटलं. त्याचं समाधान वाटलं आणि थोडा रागही आला. पण हेही खरं की तिला अकराव्या वर्षी चिडवणारी पोरं खरीच होती. आत्याने उगाच नव्हता कापूस भरला. आत्याला दोष द्यावा असं तिला वाटेना, आणि तेव्हाच्या त्या अकरा वर्षांच्या पोरीलाही. तिला जे जमलं ते तिने केलं होतं.

घरी आल्यावर तिने टेप नवऱ्याच्या हातात दिली. "माझं माप घ्या. आहे तसं."

स्टिअरिंग धरून राठ झालेले हात. त्याने टेप उलटी धरली, मग सुलट, मग श्वास रोखून आकडा वाचला. "डाव्या खांद्यावर साडेपाच."

"अहो, ती मान आहे."

त्या मापावर बेतलेलं पहिलं पोलकं साफ फसलं. दुसऱ्या वेळी तिने स्वतः बसवलं. डावी बाजू खाली धरून कापली, गळा तिरपा घेतला. अंगात घातलं तर कुठे ओढ नाही, कुठे चुणी नाही. आरशासमोर ती बराच वेळ उभी राहिली. खांदा वाकडा तो वाकडाच होता. कपडा मात्र छान बसला होता.

त्या आठवड्यात तिने वाचनालयातल्या बाईंना निरोप पाठवला आणि मुलीसाठी एक दुसरा शर्ट शिवून ठेवला, गादीशिवाय, तिच्या खऱ्या मापाचा. दोन्ही शर्ट पुढे ठेवले. यावेळी ती मुलीच्या मागे नव्हती, शेजारी होती. "हा बघ माझा खांदा," ती म्हणाली. "जे घालावंसं वाटेल ते घाल. दोन्ही तुझेच."

मुलीने आधी तिच्याकडे, मग आरशात, मग परत तिच्याकडे पाहिलं. "तुमचा माझ्यापेक्षा जास्त आहे," ती म्हणाली.

"मोठी आहे ना मी तुझ्यापेक्षा."

मुलीने बराच विचार केला. वर्गाच्या फोटोसाठी गादीवाला ठेवला. खेळायला दुसरा, कारण त्यात हात वर जातो.

टेलरबाईचंही तसंच आहे. सभा-समारंभाला अजून कधीतरी तिचा हात कापसाच्या डब्याकडे जातो, आणि ती स्वतःवर रागावत नाही. जंगलात मात्र नव्या पोलक्यातच जाते. मध्येच थांबून एखाद्या झाडाच्या सालीवर तळवा ठेवते, पाणवठ्यापर्यंत उतरते, आणि नवरा मागून ओरडतो, "अगं, हा थांबा वेळापत्रकात नाही." ती ऐकून न ऐकल्यासारखं करते आणि पुढे चालत राहते.