जिलानीचं आगाऊ गॅप सर्टिफिकेट

लातुरात जून लागला की दोन माणसांना मान वर करायला सवड नसते. एक मी आणि दुसरा जिलानी. मी तहसीलसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देते. शाळा सातवीपर्यंतच झाली, पण माझा अर्ज दाबून ठेवील असा साहेब अजून या तालुक्यात आलेला नाही. माझ्यापासून वीस पावलांवर, क्लासेसच्या गल्लीच्या तोंडाला, जिलानी मशीन मांडून पोरांच्या सॅक शिवतो. बारा बारा किलोची पुस्तकं पाठीवर घेऊन पोरं पळत असतात. पट्टा तुटला की जिलानी, आणि वर्ष बुडलं की मी.

वर्ष बुडणं म्हणजे काय ते सांगते. बारावीनंतर डॉक्टरकीचा नंबर हुकला की पोरगं वर्षभर पुन्हा घासत बसतं. मग प्रवेशाच्या वेळी कॉलेज विचारतं, मधलं वर्ष कुठं होतास? त्याचं उत्तर स्टॅम्पपेपरवर द्यावं लागतं, खाली पालकाची सही लागते. त्याला गॅप सर्टिफिकेट म्हणतात. मी झोपेतसुद्धा लिहीन.

दोन हजार बाराच्या जूनमध्ये जिलानी माझ्या टेबलासमोर रांगेत उभा राहिला. पुढं चार पोरं, मागं तीन पोरं, मधे दाढीवाला जिलानी. नंबर आल्यावर म्हणाला, "सत्यशीलाताई, माझंबी एक गॅप सर्टिफिकेट लिहा."

मला वाटलं चेष्टा करून राहिला. मी विचारलं, कधीचा गॅप? तर म्हणे पुढच्या वर्षीचा. मी तापले. घेतलेल्या गॅपचं सर्टिफिकेट असतंय, घ्यायच्या गॅपचं न्हाई, असं चार लोकांसमोर सुनावलं. तो हलला नाही. म्हणाला, "मी रोज ऐकतो ना पोरांचं. कागद न्हाई तर ॲडमिशन न्हाई. वर्षानं परत आलो आन् बानोनं घरात ॲडमिशन दिली न्हाई तर?"

बानो म्हणजे त्याची बायको. सोळा वर्षं झाली लग्नाला. आणि त्याला जायचं होतं ऑस्ट्रेलियाला. नोकरीला नाही, नातेवाइकाकडं नाही. पाठीला सॅक लावून वर्षभर नुसतं फिरायला.

हे खूळ भूकंपातलं. त्र्याण्णवला किल्लारीकडं आम्ही दोघंही होतो. मी मदतीच्या यादीतून सुटलेल्यांची नावं लिहीत होते, तो विशीतला पोरगा ताडपत्रीचे तंबू शिवत होता. तिथं मदतीला आलेल्या एका गोऱ्या पोरीच्या सॅकचा पट्टा तुटला, तो यानं शिवून दिला. एका मास्तरानं मधे पडून बोलणं करून दिलं. पोरगी ऑस्ट्रेलियाची. कॉलेज झालं म्हणून वर्षभर देश बघत हिंडत होती, आणि भूकंपाचं ऐकून इकडं वळली होती. ती नापास झालेली नव्हती, घरचं कुणी तिला हाकललेलं नव्हतं, तरी एक वर्ष मोकळं. जिलानीला हे कळलं तेव्हा सुई बोटात गेली म्हणतो. आमच्याकडं मोकळं वर्ष मिळवायला निदान टायफॉइड तरी व्हावा लागतो.

पैशाचं विचारू नका. गरीब माणूस फिरायला निघाला की लोकांना हिशोब मागायची लई खोड. त्यानं जमवले होते, बस्स.

तयारी त्यानं बैजवार केली होती. शाळेच्या नकाशापुस्तकातलं ऑस्ट्रेलियाचं पान मशीनच्या वर चिकटवलेलं, त्याच्यावर शिंप्याच्या खडूनं रस्ता आखलेला. स्वतःसाठी सॅक शिवली ती सतरा कप्प्यांची. पट्ट्याला भंगारातल्या मोटारीचे सीटबेल्ट. ज्वारीच्या पिठाचा कप्पा वेगळा, तव्याचा वेगळा, आणि एक कप्पा रिकामा. हा कशाला, विचारलं तर म्हणे, तिथं गेल्यावर सुचंल. बघायला येणारी पोरं सॅक पाठीला लावून जागेवर दोन फेऱ्या मारायची आणि उदास होऊन क्लासला जायची.

मी कागद लिहिला. अर्जदार जिलानी, पालकाच्या जागी बानो. आता सगळं अडलं ते तिच्या सहीवर. ती सही करीना, तर हा पासपोर्टच्या कागदाला हात लावीना.

बानो घरी बसून सॅकच्या चेन बसवते. तिनं कागद दोनदा वाचला आणि शर्त घातली. आधी पंधरा दिवस आपल्याच मुलखात फिरून दाखवा. पायी फिरायचं, नातेवाइकाकडं उतरायचं नाही, कुणाची सॅक शिवायची नाही. पंधरा दिवस काढले तर सही. शर्त मला न्यायाची वाटली. मीच मार्ग लिहून दिला: नांदेडपर्यंत एसटी, तिथून पायी मुदखेड, मग हदगाव, मग पुढं वाटेल तिकडं.

सोळाव्या दिवशी यायचा माणूस पाचव्या दिवशी परत आला. अंगात एकावर एक तीन शर्ट, भर उन्हात. सॅक एवढी फुगलेली की एसटीच्या दारात तो आधी निघाला आणि सॅक कंडक्टरनं ढकलून काढली.

झालं असं. मुदखेडला स्टेशनसमोर चहा पिताना एकानं विचारलं, कुठले? हा बोलून गेला, लातूर. तिथंच सगळं बिघडलं. लातूरला जाणारा माणूस दिसला आणि त्याच्या हातात डबा दिला नाही, असं आमच्या मराठवाड्यात होत नाही. प्रत्येक गावातलं एक तरी लेकरू इथल्या हॉस्टेलात खिचडी खाऊन राहिलेलं. चहावाल्याच्या पोरीसाठी चिवडा आला. शेजारच्याच्या पोरासाठी लोणचं आलं. मी तर आत्ता जाणार न्हाई, बारा-तेरा दिवसांनी जाणार, असं हा सांगत होता म्हणे. चालतंय की, लोणचंच हाय, असं उत्तर मिळालं.

मग फोन पुढं पळाले. हा पायी हदगावात पोचला तर व्यंकटराव नावाचे एक कापसाचे व्यापारी नाक्यावर तुपाची बरणी घेऊन उभे, मागं आठ जण डबे घेऊन. एका रुक्मिणबाईनं नातवासाठी गोधडी आणलेली. जागा करायला यानं कपडे सॅकमधून काढून अंगावर चढवले. शेवटी एका आईनं धपाटे दिले आणि सांगितलं, दोन दिवसांच्या आत द्या, नाहीतर वास मारतील. गडी तसाच एसटीत बसला.

लातुरात उतरून तो घरी गेलाच नाही. आधी नासणारं, मग टिकणारं, या क्रमानं हॉस्टेलं फिरला. प्रत्येक पोराला उभं करून निरखलं, कारण प्रत्येक आईनं सांगितलं होतं, वाळलाय का बघा. रिकामी सॅक घेऊन घरात शिरला तेव्हा मी तिथंच बसले होते. बानो मला म्हणाली, "एक लाडू को नक्को नै बोल सके. ऑस्ट्रेलिया में क्या करेंगे? कांगारू बी इनकेच हाथ में बच्चा देंगे."

मी तिच्याशी भांडले. माणसाच्या फिरण्याच्या हक्काचं सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली की हक्क मला समजतो, पण ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला मी समुद्रापलीकडं सोडणार नाही. मी सहीविनाच कागद उचलून माझ्या पिशवीत टाकला. असं माझं फार कमी वेळा होतं.

दुसऱ्या दिवसापासून जिलानी नाही म्हणायला शिकू लागला. कशिश नावाची एक पोरगी अडकलेली चेन घेऊन आली. हा म्हणाला, न्हाई. ती गेली. हा पक्कड घेऊन तिच्या क्लासच्या दारापर्यंत पळाला आणि तिथं उकिडवं बसून चेन नीट करून आला. तिसऱ्या दिवशी मी तहसीलवरच्या आमच्या मोर्चाचं बॅनर शिवायला दिलं. माझ्या तोंडावर म्हणाला, "न्हाई जमणार, ताई." त्र्याण्णवपासूनची ओळख. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. बॅनर उदगीरहून शिवून आणलं, तिरकं. मग कुणीतरी सांगितलं की जिलानी मशीनला डोकं टेकून बसलाय, त्याला वाटतंय त्यानं मला तोडलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गडी नाही म्हणायचा सराव करून राहिला होता आणि पहिल्यांदा पास झाला तो माझ्यावर. मला रागही आला आणि अभिमानही वाटला.

शुक्रवारी दुपारी बानो चेनची पिशवी घेऊन मशीनपाशी आली. मीही मुद्दाम तिथंच रेंगाळले. तिनं पिशवी खाली ठेवली आणि सरळ विचारलं. "मैं बोलती, ऑस्ट्रेलिया छोड दो. छोडते?"

जिलानीनं मशीनचं चाक थांबवलं. सोळा वर्षांत त्यानं बानोला एकदाही नाही म्हटलेलं नव्हतं, हे सगळ्या गल्लीला माहीत. तो नकाशाकडं बघेना, माझ्याकडं बघेना. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला.

"सुनने नै आया."

"नै छोडता," तो म्हणाला. आणि लगेच उठून उभा राहिला, जसा काही वर्गातून बाहेर काढलाय.

बानोनं माझ्यापुढं हात केला. मी माझ्या पिशवीतून कागद काढला, पेन दिलं. तिनं मशीनच्या फळीवर कागद ठेवून उर्दूत सही केली, खाली तारीख घातली, फुंकर मारून शाई वाळवली. मग कागद त्याच्या हातात न देता माझ्याकडं दिला. म्हणाली, ताई, हा तुमच्याकडं ठेवा. ह्यांच्याकडं ठेवला तर कुणीबी मागून नेईल.