भिंगाला डोळा न लावता

चक्रीवादळात आमच्या दिवेआगरच्या सुपारीच्या वाडीतल्या निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या. दुसऱ्या दिवशी मी तिथे एक स्टिरिओ फोटो काढला. सासूबाई पडलेल्या खोडांमधून वाट काढत विहिरीकडे चालल्या होत्या. एका पट्टीवर शेजारीशेजारी बसवलेल्या दोन कॅमेऱ्यांनी एकदमच टिपायचं आणि ती जोडी दोन भिंगांच्या डबीतून पाहायची, एवढंच त्यातलं तंत्र. मग खोड अगदी नाकासमोर येतं, सासूबाई त्याच्या पलीकडे आणि विहीर आणखी मागे दिसते.

माणगावच्या एका हौशी मंडळाने अशा फोटोंची स्पर्धा ठेवली, तेव्हा मी तो दिला. गुण सगळ्यांसमोर द्यायचे होते, म्हणून आम्ही नवराबायको मोटारसायकलवरून गेलो.

पहिल्या परीक्षक बाईंनी डोळ्याला लावलेली डबी बराच वेळ खाली ठेवलीच नाही. "आजी कुठे निघाल्यात?" त्यांनी विचारलं आणि दहापैकी नऊ गुण दिले. दुसऱ्यांनी पाहिल्यासारखं केलं, "फार पसारा आहे," म्हणाले आणि चार दिले. तिसऱ्यांनी डबीला हातच लावला नाही. जोडी नुसतीच समोर धरून ते म्हणाले, "मॅडम, एकच फोटो दोनदा कशाला लावलात?"

लोक हसले. मला वाटलं, थट्टा करताहेत. पण ते खरंच विचारत होते.

"सर, डबीतून बघावा लागतो तो."

"चांगला फोटो नुसत्या डोळ्यांनीही चांगलाच दिसतो," ते म्हणाले आणि दोन गुण दिले.

पहिला नंबर काशीदच्या सूर्यास्ताला मिळाला. त्यात डावा आणि उजवा फोटो उलटे चिकटवले होते, त्यामुळे समुद्र पुढे आला होता आणि किनाऱ्यावरची सुरूची झाडं मागे गेली होती. बघताना डोळे दुखत होते. मी आयोजकांना तसं सांगितलं, तर ते म्हणाले, "वेगळा इफेक्ट आहे तो."

पुढच्या वर्षी नवऱ्याने हट्टाने तोच फोटो दुसऱ्या एका स्पर्धेला पाठवला. तिथे ते तिसरे गृहस्थ एकटेच परीक्षक होते. आणि माझा पहिला नंबर आला. स्टेजवरून ते म्हणाले, "काय खोली आहे! मजूर म्हातारीची गरिबी किती प्रभावी आली आहे!"

प्रमाणपत्र घेताना मी हळूच म्हटलं, "त्या माझ्या सासूबाई आहेत. वाडी त्यांचीच आहे."

"हो का? मग तर अजूनच छान."

"गेल्या वर्षी माणगावला तुम्ही याच फोटोला दोन गुण दिले होते."

"असेल हो. त्या त्या दिवसाचा मूड असतो," ते हसून म्हणाले आणि फोटोग्राफरकडे बघून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

राग आला असता तर बरं झालं असतं. मला नुसती किळस आली, घासात केस लागल्यासारखी. मी खांदा काढून घेतला आणि खाली उतरले.

"पाहुण्यांच्या खोलीत लावू," नवरा प्रमाणपत्राकडे बघत म्हणाला. "लोकांवर छाप पडेल."

"लावलंस तर मी फाडीन," मी म्हटलं.

घरी सासूबाईंनी विचारलं, "काय म्हनाले गं?"

"फोटो आवडला त्यांना."

त्या खुश झाल्या. पदर सारखा करून शेजारी सांगायला गेल्या. मला ते बघवेना. त्यानंतर मी कुठल्याच स्पर्धेला फोटो पाठवला नाही.