फ्लॉपीला लावलेलं कुंकू

परभणीत आमच्या कॉलनीत कॉम्प्युटर असलेलं घर एकच होतं, आमचं. त्यामुळे बंद पडलेला कॉम्प्युटर असलेलं घरही तेवढं एकच. नव्वदीची सुरुवातीची वर्षं. यंत्र जुनं, कुठल्याशा कारखान्याने काढून टाकलेलं. पोटात हार्ड डिस्क नाही; जे काही लिहायचं ते फ्लॉपीवर. फ्लॉपी म्हणजे काळ्या लवचिक पाकिटातली पातळ तपकिरी तबकडी. पाकिटाला दोन्ही बाजूंनी एक लांबट खिडकी, तिच्यातून तबकडी उघडी दिसते. तिथं बोट लावायचं नाही, एवढा नियम बायकोने केला होता आणि तो फक्त मला सांगितला होता.

ती ज्वारीच्या खोडमाशीवर पीएच.डी. करत होती. पाचही प्रकरणं टाईप झालेली, एका फ्लॉपीवर. दुसरीवर त्यांची नक्कल, कपाटात ठेवलेली. छापायचं तेवढं राहिलं होतं. प्रबंध शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दाखल झाला नाही तर नोंदणी रद्द, आणि सहा वर्षांच्या माश्या वाया.

सोमवारी खंडेनवमी आली. दादा, म्हणजे माझे वडील, ताडकळसजवळच्या गावाहून सणाला आले होते. औजारांची पूजा केल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. आमच्या घरात नांगर नाही, कुळव नाही. त्यांनी कॉम्प्युटर पुजला. पडद्याला हळदकुंकू, कीबोर्डवर झेंडूचं फूल.

"सूनबाईचं औजार हाय ना हे? मग आज त्याला आराम."

"मामा, शुक्रवारी द्यायचंय हो."

"एक दिस तर बैलबी सोडतो आपण, माय."

तिने माझ्याकडे पाहिलं. कर्मकांडाविरुद्ध मी कॉलेजात दोन भाषणं ठोकलेली होती. मी म्हणालो, "एका दिवसाने काय होतंय?"

मंगळवारी सकाळी यंत्र चालू केलं. पंखा घरघरला, हिरवी अक्षरं आली. तिने फ्लॉपी घातली. आतून खर्र, खर्र असा दळल्यासारखा आवाज आला आणि पडद्यावर प्रश्न उमटला: अबॉर्ट, रिट्राय, फेल? म्हणजे सोडून देता, पुन्हा बघता, की हरलो म्हणता. तिने दहा-बारा वेळा पुन्हा बघितलं. मग आम्ही प्लग काढून लावला. स्टॅबिलायझरचा काटा पाहिला, तो त्या दिवशी नेमका शहाण्यासारखा वागत होता. मागच्या सगळ्या वायरी उपटून परत खोचल्या. फुंकर मारून धूळ उडवली, ती माझ्या डोळ्यात गेली. काही फरक नाही. मला एका जागी बसवेना. मी म्हणालो, "नक्कल लावून बघ की."

सबंध प्रकरणात माझं स्वतंत्र योगदान एवढंच. नक्कलही खर्र वाजली आणि थांबली.

संध्याकाळी गावातल्या कॉम्प्युटर क्लासचे सर आले. त्यांच्या क्लासात चपला बाहेर काढून जावं लागे. गाभारा आणि ती खोली यांत घंटेचाच काय तो फरक. टायची गाठ सारखी करत त्यांनी यंत्राला हात न लावता निदान केलं, "व्हायरस."

"कुठून आला?" बायकोने विचारलं.

"मॅडम, एसी नाही तुमच्याकडे. वातावरण लागतं. पुण्याला पाठवा, दहा दिवसांत येईल."

दहा दिवस ऐकून ती उठून आत गेली. सर चहा पिऊन गेले.

बुधवारी उजाडल्यापासून मी अंगणात येरझारा घालत होतो. तिने नाश्ता केला नाही. शेवटी मी सायकल काढली आणि बसस्टँडजवळच्या रेडिओ-टेप दुरुस्तीवाल्याला मागे बसवून आणलं. त्याने कॉम्प्युटर आयुष्यात पाहिला नव्हता, आणि हे त्याने आधीच सांगितलं. फ्लॉपी जिथं जाते तो खण उघडून तो वाकला.

"साहेब, ह्यालाबी हेड हाय की, टेपरेकॉर्डरसारखं. पर हे लाल काय लागलंय?"

त्याने काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवला आणि फिरवला. कापूस लाल झाला.

दारात बसलेले दादा पुढे झुकले. "कुंकूच हाय की ते."

"मामा, फ्लॉपीला लावलंत?"

"लावलं की. मिशनीपाशी पडली होती. पर वरी कागदावर अक्षरं लिवलेली. अक्षरावर कुंकू कसं लावावं? म्हनून उलटी केली. मागं बराबर कपाळावानी जागा होती."

इतक्या विचाराने केलेली चूक मी आजवर पाहिलेली नाही. ओलं कुंकू खिडकीतून तबकडीला, तबकडीवरून हेडला, आणि त्या माखलेल्या हेडने कपाटातली चांगली नक्कलही खरवडली. पहिली दादांनी घालवली, दुसरी मी.

दुरुस्तीवाला फ्लॉपी उजेडात धरून म्हणाला, "टेपच हाय ही, ताई. चिखलात पडलेली कॅसेट आमी धुतो, वाळवतो, दुसऱ्या डबीत घालतो. वाजतीया."

बायको ताडकन उठली. प्रयोगशाळेतून डिस्टिल्ड वॉटर आणलं, आणि खोडमाशीच्या अळ्या उचलायचा मऊ ब्रश. आधी एका कोऱ्या फ्लॉपीवर धुऊन-वाळवून बघितलं. मग ब्लेडने पाकिटाची कड कापून तिने खरी तबकडी बाहेर ओढली. ती धुऊन, वाळवून त्या कोऱ्या फ्लॉपीच्या पाकिटात घालायची होती.

"हळू," मी म्हणालो.

"अहो, तुम्ही बाहेर व्हा."

दादा आणि मी पायरीवर बसलो. ते उठत, बसत, फाटकापर्यंत जाऊन येत. "जमंल का रे?"

"माहीत नाही."

तासाभराने आत पंखा घरघरला. मग तिचा आवाज आला, "एक." बराच वेळ काही नाही. "दोन." मग तीन. चौथं प्रकरण धुतलेल्या नकलेवरून निघालं. पाचव्याला नुसती खर्र. आम्ही वाट पाहिली. पुन्हा खर्र.

दादा दारात उभे राहिले. "माय, लय चूक झाली माझी."

"मामा, चहा ठेवता का?" एवढंच बोलून ती निष्कर्षाचं प्रकरण पहिल्या वाक्यापासून टाईप करायला बसली. दर दहा ओळींनी ते तीन वेगवेगळ्या फ्लॉप्यांवर उतरवत होती.

शुक्रवारी चार वाजता आम्ही विद्यापीठाच्या खिडकीपाशी उभे होतो. बांधणीचा डिंक ओलाच होता. कारकुनाने प्रती मोजल्या, पानं चाळली आणि चष्म्यावरून पाहिलं.

"शेवटचं प्रकरण सातच पानांचं? लोक चाळीस-चाळीस लिहितात."

"एवढंच सिद्ध झालंय," ती म्हणाली.

त्याने शिक्का शोधायला खण उघडला.