चष्मा धर

आज भोपाळात माझे दोन्ही हात शाबूत आहेत, ते दादांमुळे. हे आधीच लिहून टाकतो. पुढचं सांगायला लागलो की माझा गोंधळ उडतो आणि मुख्य गोष्ट राहून जाते.

दादा कोणाला मारणार असले की आधी चष्मा काढायचे. जवळ जो उभा असेल त्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "धर." बस्स, एवढंच. कोलार रोडवरच्या दादांच्या गॅरेजात मी कामाला होतो, त्याच्यासमोर चहाची टपरी होती. हा शब्द कानावर पडला की टपरीवाला काचेचे ग्लास उचलून आत ठेवायचा.

असा माणूस तुम्हीही कुठंतरी पाहिला असेल. लोक त्याला टरकतात आणि काम मात्र त्याच्याकडंच घेऊन येतात. सरकारी ऑफिस भोपाळला हललं तेव्हा दादांचे वडील त्याबरोबर नागपूरहून आले. दादा जन्मले ते इथंच. समजावताना नागपुरी मराठी बोलायचे, हाणताना हिंदी. एकदा एका दुकानदारानं त्यांना नकली रबराचे वायपर खपवले. त्याला त्यांनी त्याच्याच काउंटरवर आडवा पाडून बडवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं टपरीवर एकाच प्लेटमधून पोहे-जिलेबी खात होते. दुकानदाराचा ओठ सुजलेला, म्हणून दादा त्याला जिलेबी तोडून देत होते.

माझी शाळा नववीतच सुटली. वाशीमकडून इथं आलो, कोटरा भागात खोली घेतली. ओळखीचं कोणी नाही, जिवाला सारखी धास्ती. गॅरेजातल्या पहिल्याच दिवशी मी लोंबत्या बाहीनं चालू इंजिनच्या पंख्याजवळ वाकलो. चष्मा काढायचीही सवड न घेता दादांनी मला अशी ठेवून दिली की मी टायरांच्या ढिगात जाऊन पडलो.

"हात पायजे का नाही बे तुले?"

मग स्वतःच माझी बाही कोपरापर्यंत दुमडली, वर सुतळी बांधली. नाव विचारलं नाही. गाव विचारलं, आणि तेव्हापासून मी 'वाशीम' झालो. दुपारी वहिनींच्या डब्यातली एक पोळी वाशीमची.

आमच्याकडं जुन्या जीपा नव्यानं बांधल्या जायच्या. चॅसी एकीची, इंजिन दुसरीचं, काच गिऱ्हाइकाच्या हौसेची. त्यामुळं कंपनीचा तयार वायपर कधी नीट बसायचा नाही. दादा तो माणसाच्या मापानं बसवायचे. मालकाला सीटवर बसवायचं, त्याच्या डोळ्यांसमोर काचेवर खडूनं खूण करायची आणि वायपर तेवढा भाग पुसतो का ते बघायचं. मग आम्ही गाळाच्या पाण्याच्या बादल्या काचेवर मारायचो. आत दादा बसलेले. उंच मालकाची गाडी असली तर ढुंगणाखाली घडी घातलेलं पोतं. बादली हळू पडली की आतून ओरडायचे, "अबे, आरती ओवाळतो का? मार."

मग एका वर्षी एका बिल्डरनं जीप बांधून घेतली. माणूस सहा फुटी. काच आडवी, अरुंद. वायपर एकच हवा, तोही आखूड आणि वरून लटकणारा. "दो लगाओगे तो टेम्पो दिखेगी," म्हणाला. मी त्याला सीटवर बसवून खूण केली आणि वायपर बसवला. त्याच्या डोळ्यांपुढं काच लख्ख व्हायची, खालची अर्धी मात्र चिखलानं भरलेलीच राहायची. दादांनी त्याला दोनदा बजावलं, "ये गाडी सिर्फ आप चलाना." तो हसला.

पावसात ती जीप त्याच्या धाकट्या भावानं काढली. भाऊ बुटका. पुसलेली काच त्याच्या डोक्याच्या वर, समोर नुसतं पाणी. जीप डिव्हायडरवर चढून उलटली आणि त्याचा पाय मांडीत मोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन गाड्या भरून माणसं आली. हातात सळया. उतरल्या उतरल्या त्यांनी टपरीची बाकं फोडली, मग आमच्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीची काच. बिल्डर पुढं आला. "वायपर जिसने लगाया, वो दुबला लड़का. उसे बाहर भेजो. जिस हाथ से लगाया, वो हाथ छोड़ के जाएगा."

मी वर्कबेंचच्या मागं होतो. दादांनी चष्मा काढून माझ्याकडं दिला. "धर." मला वाटलं, आता दोघं-तिघं तरी आडवे होणार. तेवढी ताकद त्यांच्यात होती.

"मैंने लगाया है," दादा म्हणाले. "लड़के ने सिर्फ बाल्टी मारी. जो करना है, मुझे करो. मैं हाथ नहीं उठाऊँगा. पर लड़के को कोई छुएगा नहीं."

"सोच ले."

"सोच लिया."

बेंचवर काम आवळून धरायचा लोखंडी वाईस बसवलेला होता. दादांनी तो दोन्ही हातांनी गच्च धरला. आपलेच हात सुटू नयेत म्हणून. पहिली सळई पाठीत बसली, दुसरी खांद्यावर. दादांच्या घशातून बैलासारखा आवाज आला, पण हात जागचे हलले नाहीत. मग बिल्डरनं स्वतः सळई घेतली आणि वाईसवरच्या उजव्या हातावर घातली. पुन्हा घातली. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. रक्त वाईसच्या आट्यांतून खाली ओघळलं. दादा माझ्याकडं बघत होते. चष्म्याशिवाय त्यांना मी नीट दिसतही नसेन.

बिल्डर थांबला. त्याचीच माणसं खाली बघायला लागली होती. सळई टाकून तो गाडीत बसला आणि दोन्ही गाड्या निघून गेल्या.

दवाखान्यात मी खाटेशेजारी रडत होतो. दादांनी डाव्या हातानं एक थप्पड लगावली, डाव्याच्या मानानं जोरदार. "रडतो कायले बे? चष्मा दे."

उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा वळली नाहीत. पाना धरवेना. पोलिसांत रिपोर्ट लिहू म्हटलं तर म्हणाले, "लिहून तू राहशील कुठं?" गॅरेज बंद केलं, सामान बांधलं आणि वहिनींबरोबर नागपूरला लेकीकडं निघाले. स्टेशनवर गाडी लागली तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्यापुढं धरला. "धर." मी सवयीनं गाल सावरला. पण त्यांनी मनगटानं डोळे पुसले, चष्मा परत घेतला आणि डब्यात चढले. मागं वळून बघितलं नाही.

मी आता भोपाळातच, अवधपुरीत दुसऱ्या गॅरेजात आहे. बाही अजून कोपरावर बांधतो. फोन केला की दादा विचारतात, "बादली जोरात मारतात का रे तिथं?"

त्यांनी उभ्या आयुष्यात लोकांच्या गाड्या बांधल्या, स्वतःची एकही नव्हती. एक जुनी चॅसी मी बघून ठेवली आहे. वेळ लागेल, पण दादा, ती जीप मी बांधणार. नागपूरला घेऊन येईन, तुम्हाला पोत्याशिवाय सीटवर बसवीन, तुमच्या डोळ्यांसमोर खडूनं खूण करीन आणि वायपर तिथंच बसवीन. मग बादली मी मारीन, जोरात.