युसूफभाईंची पडेगावची फेरी

घड्याळवाल्या युसूफभाईंचा पडेगावात दुसरा संसार आहे, असं आमच्या छावणीत सगळे कुजबुजायचे. लहानपणीच पोलिओनं दोन्ही पाय गेलेले, तरी असरची नमाज झाली की अत्तर लावून तीनचाकी स्कूटरवर निघायचे. "कुठं निघाली स्वारी?" विचारलं की म्हणायचे, "हवा खायला, मियाँ." काय दिवस होते! त्या अत्तराच्या वासावर आमच्या कैक संध्याकाळी निघाल्या.

मागच्या वर्षी दुकानातच त्यांना लकवा मारला. तोंड वाकडं, उजवा हात लुळा, वाचा बंद. मेंदूतल्या नसेत रक्ताची गुठळी अडकली होती. मांडीतून तार घालून ती ओढून काढता येते; पण डॉक्टर पाय बघून घुटमळले. त्यांना दया यावी म्हणून धाकटा भाऊ वासिफ रडत म्हणाला, "साहेब, बिचाऱ्यांना स्वतःचं काहीच करता येत नाय. सगळं आम्हीच करतो."

"आधीपासून अंथरुणावरच असतील, तर गुठळी काढून फारसं काही साधणार नाही," डॉक्टर म्हणाले.

सगीराभाभींनी दिराला मागं सारलं. "याचं ऐकू नका. दुकान तेच चालवतात. रोज एकटे स्कूटरवर पडेगावला जातात. कुणाकडं, ते छावणीला विचारा, लई माहिती आहे त्यांना."

गुठळी निघाली. दोन दिवसांनी जीभ वळायला लागली, तशी भाभींनी पहिला सवाल टाकला, "आता सांगा, तिथं कोण आहे?"

पडेगावात त्यांची बहीण युसरा राहते. ब्लडप्रेशरमुळं घरी अळणी जेवण मिळायचं, म्हणून ते तिच्याकडं मटणाच्या झणझणीत रश्श्याचा नान-कालिया खायला जायचे.